इंग्रजी शिक्षकाची परीक्षा: सुरुवात मुलाच्या वहीतल्या चुकीपासून

प्रश्न थोडक्यात असा: इंग्रजी घेऊन बी.ए., मग बी.एड. झालंय. नाशिकमधल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. इंग्रजी शिक्षकपदाच्या परीक्षेला चार महिने आहेत. रोज दोन तास मिळतात, रविवारी पाच. साहित्य, व्याकरण आणि भाषाशिक्षण असे तीन भाग आहेत. साहित्याचा आवाका बघूनच धीर सुटतो. सुरुवात कुठून करू?

आधी एक गोष्ट पक्की करा: परीक्षा नेमकी कोणती? इंग्रजीची तयारी म्हणून सगळ्या परीक्षांचा अभ्यास एकाच पातेल्यात शिजवला जातो आणि तिथेच दोन महिने वाया जातात. महाटीईटीचा, म्हणजे राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर 150 गुणांचा, अडीच तासांचा. मराठी माध्यमातून देणाऱ्याला त्यात इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून 30 गुणांना असते. तिथे उताऱ्याचं आकलन, व्याकरण आणि अध्यापन यांवर भर असतो, वाङ्मयाच्या इतिहासाला फारशी जागा नाही. टेट, म्हणजे शिक्षक भरतीची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, 200 गुणांची, 120 अभियोग्यतेचे आणि 80 बुद्धिमत्तेचे. तिथे शेक्सपिअर काही कामाचा नाही. सीटीईटीत, म्हणजे केंद्राच्या शिक्षक पात्रता परीक्षेत, भाषेच्या 30 प्रश्नांपैकी 15 आकलनाचे आणि 15 अध्यापनाचे. साहित्य खरं लागतं ते केंद्रीय विद्यालय आणि नवोदयच्या टीजीटी-पीजीटी (पदवीधर आणि पदव्युत्तर शिक्षक) पदांच्या विषय-पेपरला, आणि अर्थातच सेटला, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या राज्य पात्रता परीक्षेला. सेटचा इंग्रजीचा दुसरा पेपर 100 प्रश्नांचा, 200 गुणांचा. तुम्ही तीन भाग सांगता म्हणजे विषय-पेपर असलेली परीक्षा दिसते. तेच धरून पुढचं लिहितो. तरी जाहिरातीसोबतचा अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा आणि त्यात नसलेला शब्द वाचू नका.

तुमच्या हाताशी आठवड्याला 17 तास, म्हणजे चार महिन्यांत साधारण 290 तास आहेत. ते पुरतात. यातले सगळ्यात कमी तास साहित्याला द्या असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण हिशेब सरळ आहे. साहित्यात शंभर तास जास्त घातले तरी प्रश्न तुम्ही न वाचलेल्या लेखकावर येऊ शकतो. व्याकरण आणि भाषाशिक्षण यांना मात्र तळ आहे. तिथे घातलेला तास परत मिळतो. शिवाय हे दोन भाग वेगळे नाहीतच. पुस्तकं वेगळी आहेत म्हणून आपण ते वेगळे वाचतो.

तुम्ही वर्गात रोज उभ्या राहता, त्याचा फायदा इथे घ्या. सातवी-आठवीच्या वह्या तपासताना सापडलेली वाक्यं एका वहीत जशीच्या तशी उतरवा. उदाहरणार्थ हे वाक्य: ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन नाशिक सिन्स फाइव्ह इयर्स.’ लाल पेनने ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स’ लिहून पान उलटलं की परीक्षेच्या दृष्टीने काहीच झालं नाही. चूक का झाली ते बघा. मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘पाच वर्षांपासून’ही म्हणतो. एकच ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधीची लांबी असेल तर ‘फॉर’. दुसरी चूक क्रियापदाची. ‘राहतोय’ हा आपला चालू वर्तमानकाळ भूतकाळात सुरू झालेली गोष्टही आरामात पोटात घेतो. इंग्रजीचा प्रेझेंट कंटिन्युअस ती घेत नाही, त्याला ‘हॅव बीन’ लागतं. एका वाक्यातून ‘सिन्स-फॉर’ आणि परफेक्ट कंटिन्युअस हे व्याकरणाचे दोन घटक झाले, आणि मातृभाषेचा व्यत्यय, म्हणजे इंटरफिअरन्स, हा भाषाशिक्षणाचा तिसरा.

आता दुसरं वाक्य: ‘येस्टरडे आय हॅड गॉन टु पंचवटी.’ हेही मराठीतूनच आलंय. ‘काल मी पंचवटीला गेलो होतो’ हे आपलं साधं बोलणं. इंग्रजीत मात्र ‘हॅड गॉन’ला भूतकाळातलीच, त्यानंतरची दुसरी घटना लागते. ती नसेल तर नुसतं ‘वेन्ट’. पण तोच मुलगा ‘आय गोड टु पंचवटी’ म्हणाला तर? तिथे मराठीचा काही संबंध नाही. त्याने ‘वॉक्ड’, ‘प्लेड’ ऐकून नियम स्वतः काढला आणि तो सगळीकडे लावला. याला ओव्हरजनरलायझेशन म्हणतात. इंग्रजी मातृभाषा असलेलं लहान मूलही हेच करतं. परीक्षेत ‘गोड’चं वाक्य देऊन चार पर्याय येतात: इंटरफिअरन्स, ओव्हरजनरलायझेशन, फॉसिलायझेशन (चूक कायमची रुजून बसणं), निष्काळजीपणा. नुसत्या व्याख्या पाठ केलेला उमेदवार इथे पहिल्या दोनांत अडकतो. वही ठेवलेला अडकत नाही.

याच धाग्यावर नावं आणि सालं ओवा. दोन भाषांची तुलना करून चुकांचं भाकीत करता येतं, हा विचार रॉबर्ट लाडो यांचा, 1957 चा. चूक ही शिकण्याची खूण आहे, आणि माहीत असून घसरलेली ‘मिस्टेक’ व माहीतच नसलेली ‘एरर’ या वेगळ्या, हे पिट कॉर्डर यांनी 1967 मध्ये मांडलं. शिकणाऱ्याची मधल्या टप्प्यावरची स्वतःची भाषा म्हणजे इंटरलँग्वेज. ही संज्ञा लॅरी सेलिंकर यांची, 1972 ची, आणि फॉसिलायझेशनही त्याच लेखातलं. चूक मुलाने स्वतः सुधारली तर मिस्टेक, दाखवूनही सुधारता आली नाही तर एरर, एवढी कसोटी लक्षात ठेवा. या तीन नावांचा क्रम उलटसुलट करून जोड्या लावा हमखास विचारतात.

भाषाशिक्षणात गुण जातात ते शेजारशेजारच्या संकल्पनांवर. चॉम्स्कीचं एलएडी (लँग्वेज अ‍ॅक्विझिशन डिव्हाइस) जन्मजात यंत्रणेबद्दल आहे, तर ब्रूनरचं एलएएसएस (लँग्वेज अ‍ॅक्विझिशन सपोर्ट सिस्टिम) भोवतालच्या माणसांच्या आधाराबद्दल. क्रॅशनचं ‘आय प्लस वन’ म्हणजे मुलाला कळतं त्याच्या एक पायरी वरचं, पण समजेल असं ऐकणं-वाचणं. व्हायगॉट्स्कीचं झेडपीडी (झोन ऑफ प्रॉक्सिमल डेव्हलपमेंट) म्हणजे एकट्याला न जमणारं, पण कुणाच्या मदतीने जमणारं काम. वरवर दोन्ही सारखी दिसतात. प्रश्नात ‘इनपुट’ असेल तर क्रॅशन, ‘मदत’ किंवा ‘सहकार्य’ असेल तर व्हायगॉट्स्की. स्कॅफोल्डिंग (शिकताना दिलेला तात्पुरता आधार) हा शब्द बहुतेक गाइडांत व्हायगॉट्स्कींच्या नावावर खपवलेला असतो. कल्पना त्यांच्या विचाराशी जुळते, पण संज्ञा वुड, ब्रूनर आणि रॉस यांच्या 1976 च्या लेखातली आहे. प्रश्न ‘संज्ञा कोणी वापरली’ असा आहे की ‘कोणाच्या सिद्धांताशी निगडित’ असा, ते नीट वाचा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत.

क्रॅशनची पाच गृहीतकं, कमिन्सचे बिक्स (रोजच्या बोलण्याची भाषा) आणि कॅल्प (अभ्यासाची भाषा), हाइम्सचं कम्युनिकेटिव्ह कॉम्पिटन्स, कनाल-स्वेन यांनी केलेले त्याचे भाग, ग्रामर-ट्रान्सलेशनपासून कम्युनिकेटिव्हपर्यंतच्या पद्धती, आणि मूल्यमापनात व्हॅलिडिटी, रिलायबिलिटी, वॉशबॅक (परीक्षेचा शिकवण्यावर होणारा परिणाम). एवढ्यात या विभागाचा मोठा भाग संपतो. भारतातला एक प्रयोग विसरू नका: प्रभू यांचा बंगळुरू प्रकल्प, 1979 ते 1984. व्याकरण थेट न शिकवता कामं देऊन, म्हणजे टास्कमधून, भाषा शिकवण्याचा तो प्रयत्न होता. टास्क-बेस्ड अध्यापनाचा इतिहास त्याच्याशिवाय लिहिला जात नाही.

संकल्पना आधी मराठीत वाचायला हरकत नाही. मुक्त विद्यापीठाची किंवा तुमची बी.एड.ची जुनी पुस्तकं त्यासाठी चांगली. पण संज्ञा मात्र इंग्रजीतच पक्की करा. ‘समीपस्थ विकासाचे क्षेत्र’ (म्हणजे झेडपीडी) पाठ असलेला माणूस पेपरात ते इंग्रजीत दिसलं की दहा सेकंद हरवतो.

वर्गातल्या प्रसंगावरच्या प्रश्नांत एक सर्वसाधारण कल ध्यानात असू द्या. ‘शिक्षक लगेच चूक थांबवून नियम समजावतो’ असा पर्याय बहुधा चुकीचा असतो. मातृभाषेला वर्गातून हाकलणारा पर्यायही. ‘नेहमी’, ‘फक्त’, ‘कधीच नाही’ असे शब्द दिसले की सावध व्हा. पण डोळे झाकून हे वापरू नका. उद्दिष्ट अचूकता असेल, म्हणजे फ्लुएन्सी नसून अ‍ॅक्युरसी असेल, तर तिथल्या तिथे चूक सुधारणं हेच बरोबर उत्तर असू शकतं.

व्याकरण रोज हवं, पाऊण तास का होईना. नियम बहुतेकांना येतात. गुण जातात ते नियमाच्या कडेला असलेल्या जागांवर. ‘ही इज अ‍ॅन एम.ए., अ बी.एड.’ या एका वाक्यात आर्टिकलचा सगळा नियम बसतो. अक्षर बघायचं नाही, उच्चार ऐकायचा. ‘एम’ची सुरुवात स्वराने होते, म्हणून ‘अ‍ॅन’. ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘युरोपियन’ ‘य’ने सुरू होतात, म्हणून ‘अ’. ‘अवर’मधला ‘एच’ मुका, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. व्हॉइसमध्ये ‘ही मेड मी वेट’चं ‘आय वॉज मेड टु वेट’ होतं, मधे ‘टु’ उगवतो. क्वेश्चन टॅगमध्ये ‘आय अ‍ॅम लेट’ला ‘आरन्ट आय’, ‘लेट अस गो’ला ‘शल वी’. ‘फ्यू स्टुडंट्स पास्ड’ला ‘डिड दे’, कारण ‘फ्यू’ अर्थाने नकारार्थी आहे. ‘अ फ्यू’ असतं तर ‘डिडन्ट दे’ झालं असतं. रिपोर्टेड स्पीचमध्ये काळ बदलायचं सगळ्यांना आठवतं, पण ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ लिहिताना हात थरथरत नाही. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याचा क्रम साधा होतो: ‘व्हेअर ही इज’.

प्रिपोझिशनची यादी पाठ करणं म्हणजे गोदावरीचं पाणी मोजणं. त्याऐवजी मराठी जिथे फसवते तेवढीच जागा बघा. आपण ‘विषयी चर्चा’ करतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’, तिथे ‘अबाउट’ नको. ‘तिच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरीड विथ’, हवं ‘मॅरीड टु’. ‘त्याच्यावर रागावला’ म्हणून ‘अँग्री ऑन’, हवं ‘अँग्री विथ’. ‘झाडावर पक्षी’ म्हणून ‘ऑन द ट्री’, पण इंग्रजीत पक्षी ‘इन द ट्री’ बसतो. अशी तीस-चाळीस वाक्यं जमवली की पुरे. ‘ताप आला’चं ‘फीवर केम टु मी’ आणि ‘लाइट बंद कर’चं ‘क्लोज द लाइट’ तुमच्या वहीत आपोआप येतीलच.

उच्चारशास्त्राला लोक घाबरतात, पण इथले गुण सगळ्यात स्वस्त आहेत. ब्रिटिश उच्चाराचे 44 ध्वनी: 20 स्वर (12 साधे, 8 संयुक्त) आणि 24 व्यंजनं. भूतकाळाच्या ‘ईडी’चे तीन उच्चार: ‘वॉक्ड’मध्ये ट, ‘प्लेड’मध्ये ड, ‘वॉन्टेड’मध्ये इड. अनेकवचनाच्या ‘एस’चेही तीन: ‘कॅट्स’मध्ये स, ‘डॉग्झ’मध्ये झ, ‘बसिझ’मध्ये इझ. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (सिलेबलवर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आपली अडचण अशी की देवनागरीत जोर लिहायची सोयच नाही. म्हणून हा भाग मोठ्याने वाचूनच करायचा, शब्दकोशातला उच्चार ऐकत.

आता साहित्य. कादंबऱ्या वाचत बसायला वेळ नाही, हे मान्य करून टाका. सालांचा सांगाडा आधी उभा करा आणि त्यात जिथे दोन तारखा आहेत तिथे खूण करा, कारण प्रश्न तिथेच येतो. ‘पॅराडाइज लॉस्ट’ 1667 मध्ये दहा भागांत आलं, बारा भागांत झालं 1674 मध्ये. ‘लिरिकल बॅलड्स’ 1798 चं, पण वर्ड्सवर्थची प्रसिद्ध प्रस्तावना 1800 च्या आवृत्तीत जोडली गेली. इंग्रजी ‘गीतांजली’ 1912, नोबेल 1913. इंग्लंडमधली नाट्यगृहं 1642 ला बंद झाली आणि 1660 ला उघडली. शेक्सपिअरचा फर्स्ट फोलिओ 1623 चा, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. 1922 या एका वर्षात ‘युलिसिस’ आणि ‘द वेस्ट लँड’ दोन्ही. भारतीय इंग्रजीत आनंद यांची ‘अनटचेबल’ आणि नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ 1935, राजा राव यांची ‘कांतापुरा’ 1938, रश्दींची ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ 1981. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ 1976, ती तरी मूळ पुस्तक हातात घेऊन वाचा. छोटी आहे आणि आपल्या मातीतली आहे. सार्वजनिक वाचनालयात किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

सालांनंतर समीक्षेतल्या संज्ञा, प्रत्येकीसमोर माणूस आणि ठिकाण. ‘विलिंग सस्पेन्शन ऑफ डिसबिलीफ’: कोलरिज, 1817. ‘निगेटिव्ह केपेबिलिटी’: कीट्स, त्याच वर्षीच्या पत्रात. ‘पथेटिक फॅलसी’: रस्किन, 1856. ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’: एलियट, 1919, ‘हॅम्लेट’वरच्या लेखात. अशा पंचवीस-तीस संज्ञांचं एक पान करा. नाटक-कादंबऱ्यांसाठी प्रत्येकी पाच ओळींपेक्षा जास्त टिपण काढू नका: काळ, मुख्य पात्रं, निवेदक कोण, उपकथानक, शेवट.

नाशिककराला ‘नटसम्राट’ तोंडपाठ असतं, म्हणून ‘किंग लिअर’ आपल्याला आलंच असं वाटतं. इथे जपा. बेलवलकरांना एक मुलगा आणि एक मुलगी, लिअरला तीन मुली: गॉनरिल, रेगन, कॉर्डेलिया. कॉर्डेलियाची जागा मराठी नाटकात रिकामी आहे आणि ग्लॉस्टरच्या दोन मुलांचं उपकथानकही तिथे नाही. परीक्षेत नेमके हेच विचारतात. ‘मॅकबेथ’चंही तसंच. त्यावरून शिरवाडकरांनी केलेलं ‘राजमुकुट’ वाचलेलं असलं तरी पात्रांची नावं मूळ नाटकातली लक्षात हवीत.

अलंकारांत मेटोनिमी आणि सिनेकडकी यांची गल्लत सार्वत्रिक आहे. ‘मंत्रालयाने आदेश काढला’ ही मेटोनिमी, इमारतीच्या नावाने तिथली माणसं. ‘घरात खाणारी सहा तोंडं’ ही सिनेकडकी, भागावरून आख्खा माणूस.

छंद शिकताना आपला लघु-गुरूचा संस्कार आडवा येतो. मराठी वृत्तात अक्षर किती लांब ते मोजतात, इंग्रजीत जोर कुठे ते ऐकतात. हे वाक्य घ्या: ‘द बस टु सिन्नर नेव्हर कम्स ऑन टाइम.’ अवयव दहा. टेबलावर बोट आपटत म्हणा: द-बस, टु-सिन्, नर-नेव्, व्हर-कम्स, ऑन-टाइम. प्रत्येक जोडीत दुसऱ्यावर जोर. जोड्या पाच. हाच आयांबिक पेंटामीटर. जोर पहिल्यावर असता, ‘टेबल’सारखा, तर ट्रोकी. दोन हलके मग जोर, ‘अंडरस्टँड’सारखा, तर अ‍ॅनापेस्ट. जोर आधी आणि मग दोन हलके, ‘हॅपिली’सारखा, तर डॅक्टिल. सुनीताच्या (सॉनेटच्या) यमकांच्या तीन रचना, पेट्रार्कची, स्पेन्सरची आणि शेक्सपिअरची, अक्षरं लिहून दहा वेळा गिरवा. पाठ झाल्या की विषय मिटला.

वेळेची विभागणी अशी ठेवा: रोज पाऊण तास व्याकरण आणि उच्चार, पाऊण तास दोन दिवस भाषाशिक्षण आणि तिसऱ्या दिवशी साहित्य, शेवटचा अर्धा तास फक्त आधीच्या दिवशीचे चुकलेले प्रश्न. रविवारी एक पूर्ण पेपर, घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. पेपर सोडवायला लागतो तेवढाच वेळ तो तपासायला द्या. चुकलेल्या प्रश्नापुढे बरोबर उत्तर लिहू नका. मी निवडलेला पर्याय का चूक होता, ते एका ओळीत लिहा. ‘आय प्लस वन आणि झेडपीडीत गोंधळ’ अशी ओळ पुन्हा उपयोगी पडते, नुसतं ‘उत्तर: ब’ पडत नाही. आणि बाजारातल्या उत्तरतालिका देवाची वाणी नसतात. तीन पुस्तकांत एकाच प्रश्नाची तीन उत्तरं दिसली तर चांगल्या शब्दकोशावर आणि व्याकरणाच्या मूळ ग्रंथावर भरवसा ठेवा.

उताऱ्यासाठी वेगळा अभ्यास लागत नाही, रोज एक इंग्रजी अग्रलेख पुरतो. प्रश्न आधी वाचायचे की उतारा, यावर वाद असतो. माहितीपर उताऱ्याला प्रश्न आधी, कवितेला आधी कविता. कवितेतला सूर प्रश्न वाचून सापडत नाही, उलट प्रश्नाने दाखवलेलाच सूर ऐकू यायला लागतो.

शेवटच्या दहा दिवसांत नवीन लेखक उघडायचा नाही. वहीतल्या मुलांच्या चुका, संज्ञांचं पान, सालांचा सांगाडा आणि चुकलेल्या प्रश्नांच्या ओळी, एवढंच फिरवत राहा. पेपरात क्रम निवडायची मुभा असेल तर भाषाशिक्षण आणि व्याकरण आधी सोडवा. साहित्याचा प्रश्न येत असेल तर वीस सेकंदांत येतो. नसेल तर विचार करून येणारा नाही, म्हणून खूण करून पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसतील तर शेवटची पाच मिनिटं त्या खुणांसाठी राखून एकही गोल रिकामा सोडू नका. कापत असतील तर दोन पर्याय नक्की बाद करता आले तरच हात लावा.